पूजाचं बाळ

आईच्या कार्डावर एक रेघ. बाळाच्या कार्डावर दोन.

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. रेघा तेवढ्याच. सरकारी लॅबमध्ये जन्म काढलेल्या माणसाला पहिली शंका कार्डाचीच येते. म्हणून नवीन कार्ड फोडलं, त्याच ट्यूबमधला थेंब टाकला, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. परत तेच. आईची एक, बाळाच्या दोन. आणि हे होऊच शकत नव्हतं.

का ते सांगते. कोरोना होऊन गेला की शरीर त्याच्याशी लढायला काही पदार्थ तयार करतं. त्यांना अँटीबॉडी म्हणतात. आजार बरा झाला तरी त्या काही महिने रक्तात राहतात. पोटातलं बाळ स्वतः त्या बनवत नाही, आईच्या रक्तातून वारेमार्फत त्याला मिळतात. म्हणजे बाळाच्या खिशात जे आहे ते आईनं घातलेलं. आईचाच खिसा रिकामा असेल तर बाळाकडे येणार कुठून? आमच्या कार्डावर पहिली रेघ नुसती कार्ड चांगलं असल्याची, दुसरी रेघ अँटीबॉडीची. या बाईकडे दुसरी रेघच नव्हती.

दुसरी लाट ओसरून सात-आठ महिने झाले होते. मी पांढुर्ण्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. शहरातल्या एका मेडिकल कॉलेजनं सर्वे काढला होता. बाळंतीण आणि तिचं नवजात बाळ, दोघांच्या रक्तात अँटीबॉडी आहेत का ते बघायचं. आईचं रक्त हातातून घ्यायचं. बाळाला टोचायचं नाही, नाळ कापल्यावर वारेच्या बाजूला जे रक्त उरतं ते ट्यूबमध्ये धरायचं. दोन ट्यूबांची एक जोडी, जोडीला एक नंबर. कार्ड टेस्ट आमच्याकडे, उरलेला नमुना बर्फाच्या डब्यातून शहरात. काम सोपं होतं. सोप्या कामातच माणूस शेण खातो.

मी फ्रिज उघडला. शहरात पाठवण्याआधी थोडं रक्त काढून आठवडाभर ठेवायची माझी जुनी खोड. नवीन आलेले डॉक्टर त्यावरून मला हसतात. आईचा ब्लड ग्रुप लावला, ओ निघाला. बाळाचा लावला, एबी. ओ ग्रुपच्या आईला एबी ग्रुपचं बाळ होत नाही, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी घोकून घेतात. बाळ त्या आईचं नव्हतं. म्हणजे बाळ तिचंच होतं, ट्यूब दुसऱ्या बाळाची होती. आणि ती ट्यूब तिच्या नंबराला कोणी लावली होती, हे मला चांगलं आठवत होतं. मीच.

पाच दिवसांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडे दोन बाळंतपणं झाली. एकीचं नाव रेणुका, दुसरीचं पूजा. रेणुका सौंसरकडची सून, पांढुर्ण्याची लेक, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. पूजा तिगावची. दोघींचं रक्त मीच घेतलं होतं, दवाखान्याचं कार्ड बघून नाव लिहिलं होतं. दुपारी लेबर रूममधून नाळेच्या रक्ताच्या दोन ट्यूबा आल्या. दोन्हींवर लिहिलेलं, ‘पूजाचं बाळ’. वेळ एकीवरही नाही.

एका ट्यूबचं लेबल ओलं होऊन शाई पसरली होती. मी मनाशी म्हटलं, घाईगर्दीत चुकीचं लिहिलं गेलं असेल ते हेच. ती ट्यूब रेणुकाच्या नंबराला लावली. लेबर रूम माझ्या टेबलापासून शंभर पावलांवर आहे. जाऊन विचारता आलं असतं. मला भूक लागली होती, डबा उघडला होता. मी गेले नाही.

रेणुकाच्या जोडीची टेस्ट त्याच दिवशी लावली. आईच्या दोन रेघा, बाळाची एक. असं कधी कधी होतं, सगळ्याच आयांचं सगळंच बाळापर्यंत पोचत नाही. म्हणून शंका आली नाही. मग कार्डं संपली. नवा डबा पाच दिवसांनी आला आणि पूजाची जोडी लावली तेव्हा वर सांगितलेला प्रकार झाला.

नुसतं एवढंच असतं तर दोन नंबर खोडून मी मोकळी झाले असते. पण बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले होते आणि रेणुकाशी बोलले होते.

खिडकीजवळची खाट. तीच मला हाक मारून म्हणाली, “मॅडम, त्या टेस्टचं काय झालं? माह्या रक्तात आहे काय ते?”

“आहे. तुला होऊन गेला होता ना?”

“हाव. तीन दिवस ताप होता. अन् पोरीत?”

“पोरीत नाही आलं,” मी म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे वळले. भाजीवाल्यानं कोथिंबीर नाही म्हणावं, तसं.

ती “बरं” म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिची काकू माझ्यामागे व्हरांड्यात आली. पदरानं हात पुसत म्हणाली, “मॅडम, तिले तसं नव्हतं सांगाचं. तिची आई गेली ना दुसऱ्या लाटेत. ही सासरहून पळत आली होती, आठ दिवस तिच्याजवळ बसली. तवा हिलेही माहीत नव्हतं का आपल्याले दिवस गेले म्हणून. आईपासूनच हिले झालं. मंग आईले दवाखान्यात नेलं, तं परत घरी नाही आणलं. चेहराही नाही पाह्यला पोरीनं.”

“पण बाळात अँटीबॉडी नाही आल्या म्हणून काही बिघडत नाही हो,” मी म्हटलं.

“ते मलेही समजते. पण ती नऊ महिने एकच धरून बसली होती. आईपासून आलेल्या आजारातलं काही तरी चांगलं पोरीले भेटन म्हणे.”

लॅबमध्ये आले, कामाला लागले. त्याच दिवशी संध्याकाळी रेणुकाची सासू आली आणि दवाखान्यातून सुटी होताच तिला थेट सासरी घेऊन गेली. माहेरी सव्वा महिना राहायची रीत, पण माहेरात करणारं कोण होतं? काकूचा स्वतःचा संसार, बाप एकटा. बापानं दवाखान्याच्या गेटवर नातीच्या हातात नोट ठेवली आणि तो तिथेच उभा राहिला. हे मी लॅबच्या खिडकीतून बघितलं होतं. ते तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं, आणि आता माझ्यासमोर दोन रेघांचं कार्ड पडलं होतं. ती दुसरी रेघ तिच्या लेकीची होती.

पण एका दिवशी दोन पूजा आल्या कुठून? त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या सिस्टरला गाठलं. ती आठवून म्हणाली, “पहिल्या बाळाच्या वेळी मी दारातून ओरडली, कोणाची पेशंट हाय? तं बाहेर एक बाई होती, ती म्हणे आमच्या पूजाची. मी लिहिलं.”

ती बाई म्हणजे रेणुकाची काकू. मला आता स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात आणि तेव्हापासून सासरी ती वेगळी बाई. आधार कार्ड नव्या नावाचं, दवाखान्याचं कार्डही नव्या नावाचं. माहेरची माणसं मात्र जुनीच हाक मारतात. सासरची रेणुका माहेरच्या काकूची पूजा होती, एवढीच गोष्ट.

आणि हे मला सुचू नये? सर्व्हिस बुकात मी शोभा आहे. सौंसरला माहेरी मी निर्मला होते. आईची निमा. निमे म्हणून हाक मारणारी ती शेवटची, तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

बीएमओ साहेबांकडे गेले. म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, सगळ्या ब्लॉकचा कारभार त्यांच्याकडे. सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही.

“दोन्ही जोड्या रिजेक्ट लिहा. एवढ्या जोड्यांत दोन गेल्यानं सर्वे बुडत नाही.”

“सर्वेचं नाही म्हणत साहेब. मी त्या मुलीला सांगून बसले.”

“काय सांगून बसल्या?”

“बाळात काही नाही आलं म्हणून. आणि आलेलं आहे.”

“तुम्हाला सांगायला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही.”

“मग फोन करा, सांगा आलं म्हणून. विषय संपला.”

“साहेब, एकदा नाही म्हटलं, आता हो म्हणू. ती कशावर विश्वास ठेवेल? आणि ग्रुपवरून मी अंदाज बांधला आहे, तिच्या बाळाला हात लावून बघितलेलं नाही. एक अंदाज बांधूनच तर हे झालं.”

साहेबांनी आता वर बघितलं. “तुम्हाला टाचेतून रक्त घ्यायचं आहे.”

“एक थेंब.”

“संमती लिहून घ्या. सासूची नाही, आईची. आणि ही ड्यूटी धरली जाणार नाही.”

“रविवारी जाते.”

दवाखान्याच्या कार्डावर रेणुकाच्या नवऱ्याचा नंबर होता. फोन लावला तर तो घाबरलाच. “रिपोर्ट खराब आहे काय मॅडम?”

“रिपोर्ट चांगला आहे. मी खराब आहे,” मी म्हटलं. तो हसला नाही.

रविवारी सकाळच्या बसनं निघाले. पिशवीत दोन कार्डं, लान्सेट म्हणजे टाचेला टोचायची बारीक सुई, कापूस, स्पिरिट. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांचा तोडा चालू होता. बागेबागेत ढीग, ढिगापाशी उकिडव्या बसलेल्या बाया, लहान-मोठा माल वेगळा करून राहिलेल्या. सौंसरच्या स्टँडवर उतरले. पाय सवयीनं बाजाराच्या गल्लीकडे वळले, तिथून चौथं घर आमचं. आता तिथे भाऊ राहतो. गेले तर चहा मिळेल, वहिनी जेवायचा आग्रहही करेल. पण आई गेल्यापासून मी सौंसरला फक्त बस बदलायला उतरते. माहेर गाव असतं असं वाटायचं, ते एक माणूस असतं हे फार उशिरा कळलं. रेणुकाला तेविसाव्या वर्षी कळलं होतं. तिचा नवरा गाडी घेऊन उभा होता म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच रडले असते.

लोधीखेड्याच्या रस्त्यावर त्यांचं गाव. घरात शिरले तर सासूबाई दारातच.

“आता हिले टोचाले आले काय? इवलीशी पोर आहे, अजून बारसं नाही झालं.”

“एकदाच टोचते. मागच्या वेळी माझी चूक झाली. दुसऱ्याच बाळाचं रक्त हिच्या नावावर लावलं मी.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “चूक झाली म्हणून सांगाले सरकारी माणूस घरी आलेला मी पहिल्यांदा पाहून राहिली. बसा. पाणी घ्या.”

रेणुका आतल्या खोलीत बाजेवर होती. डोक्याला रुमाल, शेजारी दुपट्यात गुंडाळलेली लेक. मी तिला सगळं सांगितलं, दोन नावांचं, ओल्या लेबलचं, डब्याचंसुद्धा. मी कागद पुढे केला तशी तिनं सही केली. पेन टेकवून क्षणभर थांबली आणि रेणुका लिहिलं.

पोरीची टाच कोमट फडक्यानं शेकली. टोचलं. ती रडली, थेंब आला, कार्डावर टाकला, वरून औषधाचे दोन थेंब. कार्ड खिडकीत ठेवलं.

“पंधरा मिनिटं लागतील,” मी म्हटलं.

दवाखान्यात ती पंधरा मिनिटं मी रजिस्टर भरण्यात घालवते. इथे भरायला काही नव्हतं. पोर दूध पिऊन शांत झाली. रेणुका कार्डाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

“मॅडम, आईजवळ आठ दिवस होती मी. तिले ताप, अन् ती मलेच म्हणे, पूजे, तू जेवली काय? तिले काहीच गिळवत नव्हतं. मी लिंबाचं सरबत चमच्यानं देल्लं तं दोन चमचे घेतलं, अन् म्हणे आता तू घे. मी तोच चमचा तोंडात घातला. समजत होतं मले. तरी घातला.”

तिनं पोरीला दुसऱ्या कुशीवर घेतलं.

“सारे म्हणते, काहून गेली? गेली नसती तं तुले झालं नसतं. पण नसती गेली तं माह्याजवळ आता काय असतं? फोटो आहे तो लग्नातला. त्याच्यात ती पाहुण्यांकडे पाहून राहिली.”

“बेटा,” मी म्हटलं, “एक नीट समजून घे. अँटीबॉडी तुझ्या शरीरानं बनवल्या. आईनं नाही दिल्या. लस तू घेतली नव्हती, म्हणजे आजारातूनच आल्या हे खरं. पण त्या तुझ्या आहेत.”

“हाव ना. पण आजार तं तिचाच होता ना?”

मी वापरलेला कापूस कागदात गुंडाळायला लागले.

सासूबाई केव्हा येऊन दाराला टेकल्या होत्या कळलं नाही. त्या म्हणाल्या, “मीच नको म्हटलं होतं जायाले. घरात म्हातारं माणूस होतं, मले भेव वाटे.” त्यांनी परत म्हटलं, “भेव वाटे मले.”

मी घड्याळ बघितलं, कार्ड उचललं. पहिली रेघ. तिच्याखाली दुसरी. फिकट नाही, चांगली ठसठशीत. कार्ड रेणुकाच्या हातात दिलं.

“दोन आहे,” ती म्हणाली. मग पुन्हा, “दोन आहे ना मॅडम?”

“दोन आहेत.”

ती रडली. वॉर्डात भिंतीकडे तोंड करून आवाज न करता रडली असेल, इथे मोठ्यानं रडली. बाळंतिणीनं रडू नये म्हणतात, तरी सासूबाईंनी अडवलं नाही. त्या आत आल्या, कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं. त्यांना त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. कार्ड परत देत म्हणाल्या, “बाळंतविडा आला म्हणाचा मंग माहेरचा.”

आणि चहा ठेवायला गेल्या.

निघताना रेणुकानं मला जे विचारलं ते कधी ना कधी विचारणार हे मला ठाऊक होतं. “किती दिवस राहीन हे पोरीच्या अंगात?”

खोटं बोलता आलं असतं. एकदा न बघता बोलले होते, आता बघून खोटं बोलायची हिंमत नव्हती. “काही महिने. हळूहळू विरून जातं. मग तिला लागेल ते तिचं शरीर स्वतः बनवेल.”

“म्हणजे जाईन.”

“जाईल. तसंच असतं. सगळ्यांचं जातं.”

तिनं पोरीचं टोपडं नीट केलं. “जाऊ द्या,” म्हणाली. पण ते मला सांगितल्यासारखं नव्हतं.

तिगावच्या पूजाला फोन करून तिच्या बाळाचीही टेस्ट नंतर करून घेतली. आईची एक रेघ, बाळाची एक. तिनं विचारलं, मॅडम याचा फायदा काय? मी म्हटलं, तुला काही नाही, मला झोप येईल. दोन्ही जुने नंबर मी रद्द केले, खाली कारण लिहिलं, ‘टेक्निशियनची चूक’. साहेब म्हणाले, ‘लेबलिंग एरर’ लिहा, बरं दिसतं. मी नाही बदललं.

तेव्हापासून आमच्या लेबर रूममध्ये एक नियम केला. बाळाच्या ट्यूबवर नाव बाहेरच्या माणसाला विचारून लिहायचं नाही. आईच्या मनगटाला नंबरची पट्टी बांधायची, तोच नंबर ट्यूबवर, आणि तो खाटेपाशी उभं राहून लिहायचा. नाव विचारायचंच तर दोन्ही विचारायची, सासरचं आणि माहेरचं. शंका आली तर डबा बंद करून शंभर पावलं चालायची. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी हेच शिकवून रिटायर झाले. बाकी सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त येतं.

मी नोकरीत असतानाच, त्या रविवारनंतर सहा महिन्यांनी, सर्वेचा दुसरा फेरा आला. त्याच बाळांचं रक्त परत घ्यायचं, अँटीबॉडी किती टिकल्या ते बघायला. रेणुकाचा जुना नंबर रद्द झाला तरी घरी घेतलेला नमुना शहरातल्या कॉलेजनं मान्य केला होता, त्यामुळे यादीत तिची लेक होती. मी फोन लावला. या वेळी तिनंच उचलला.

“पोर कशी आहे?”

“बसून राहिली आता. दोन दात आले.”

“छान. बेटा, ती टेस्ट परत करायची आहे. सौंसरच्या दवाखान्यात घेतील, मी सांगून ठेवते. एकच थेंब.”

तिनं पोरीला कोणाकडे तरी दिल्याचा आवाज आला.

“मॅडम, आता नसन ना ते?”

“बहुतेक नसेल.”

“पण पाह्यलं नाही तं कोणाले माहीत?”

“कोणाला नाही.”

“मंग नका पाहू मॅडम,” ती म्हणाली. “राहू द्या.”

सर्वेच्या नियमाप्रमाणे संमती नसेल तर नमुना घेता येत नाही. मी नंबरापुढे ‘नकार’ लिहिलं. शेजारी कारणाचा रकाना होता, तो रिकामा सोडला की शहरातून फोन येतो. मी लिहिलं, ‘आई तयार नाही.’